यॉटवरचा माणूस : खलाशी की पर्यटक? (२०२० मधली युरोपातली बंद बंदरं)

सागरिका_आर

नमस्कार मंडळी,
गणपतीत घरी एक वाद झाला, तो डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

माझा धाकटा भाऊ बोटीवर असतो. आमच्या रत्नागिरीत 'बोटीवर असतो' म्हटलं की लोक मालवाहू जहाज नाहीतर क्रूझ समजतात. हा यॉटवर डेकहँड आहे. जानेवारी २०२० च्या शेवटी तो फ्रान्समध्ये आँतीबला रुजू झाला. ४२ मीटरची यॉट, हिवाळ्यात दुरुस्तीसाठी धक्क्याला लागलेली. मे महिन्यात हंगाम सुरू होणार, तोवर घासणं, रंग, वॉर्निश. १७ मार्चला दुपारी १२ वाजता अख्खा फ्रान्स बंद झाला आणि हा तिथेच अडकला. घरी आला तो जुलै संपता संपता.

त्याच्या व्हिसाची शेवटची तारीख एप्रिलमध्ये होती. बाबांनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेला लाल गोल करून ठेवला होता. मे संपत आला तरी एप्रिलचं पान आमच्या घरात कुणी उलटलं नाही.

यंदा पंगतीत विषय निघाला तेव्हा मोठे काका म्हणाले, "कोट्यधीशाच्या बोटीवर आयतं बसून पगार घेतला, त्याला अडकणं म्हणत नाहीत. खलाशी वेगळे." भाऊ काही बोलला नाही. ताटावरून उठला. रात्री मला एवढंच म्हणाला, "ताई, बाहेर पडायला रोज एक कागद लिहायला लागायचा. त्यावर कारणांच्या चौकटी छापलेल्या. माझ्यासाठी त्यात चौकटच नव्हती."

तर माझा प्रश्न असा. त्या काळात युरोपातली बंदरं यॉटवरच्या नोकरदार माणसाला खलाशी मानत होती की सुट्टीवर आलेला पर्यटक? कुणी त्या वेळी तिकडे होतं का? कुणाच्या घरचं कुणी होतं का? नियम माहीत असलेल्यांनीही जरूर लिहा.

अबोली_मडगाव

वाचतेय. आमच्याकडे घरटी एक तारवटी, म्हणजे बोटीवर जाणारा, त्यामुळे विषय अगदी घरचा. सवडीने लिहिते.

दर्यासारंग

सागरिकाताई, ३१ वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो. यॉटवर कधी काम केलं नाही, पण नियमांचं सांगू शकतो. जरा लांबेल.

खलाशांच्या हक्कांचा मुख्य आंतरराष्ट्रीय करार म्हणजे २००६ चा मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन. तो ऑगस्ट २०१३ पासून लागू आहे आणि भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यात खलाशाची व्याख्या मोठ्या मनाने केलेली आहे : करार लागू असलेल्या जहाजावर कुठल्याही हुद्द्यावर काम करणारा तो खलाशी. स्वयंपाकी, स्टुअर्ड, डेकहँड सगळे त्यात आले. मेख पुढे आहे. करार लागू होतो व्यापारी कामातल्या जहाजांना. भाड्याने दिली जाणारी यॉट व्यापारी धरतात. मालक फक्त स्वतःच्या कुटुंबासाठी वापरतो ती यॉट खासगी, म्हणजे कराराबाहेर. एकाच धक्क्याला शेजारी शेजारी दोन यॉट, दोन्हींवर दोन पोरं तोच डेक घासतायत, आणि कागदावर एक खलाशी तर दुसरा कोण ते धड सांगता येत नाही. त्यामुळे तुमच्या भावाची यॉट चार्टरची होती की खासगी, यावर निम्मं उत्तर अवलंबून आहे.

दुसरी गोष्ट बाहेर फारशी कुणाला माहीत नाही. भारतीय माणसाला अल्पमुदतीच्या व्हिसावर शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. पूर्वी अनेक बंदरांत खलाशी जहाजावर रुजू झाला की पासपोर्टवर लगेच बाहेर पडल्याचा शिक्का मिळायचा, मग जहाज महिनाभर धक्क्याला का असेना. शिक्का बसला की दिवस मोजणं थांबायचं. ५ फेब्रुवारी २०२० ला रॉटरडॅम बंदरातल्या एका प्रकरणात युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की नुसतं रुजू झालं म्हणून शिक्का मारायचा नाही. जहाज लवकरच सुटणार आहे असं कप्तानाने कळवल्यावरच मारायचा.

मालवाहू जहाज दोन दिवसांत निघतं, त्याला फरक पडत नाही. यॉट हिवाळाभर एका जागी उभी असते, तिच्यावरच्या माणसाचे दिवस भराभर संपू लागले. आणि त्या निकालानंतर सहा आठवड्यांत बंदरं बंद झाली. यॉट सुटणार नाही म्हणून शिक्का नाही, शिक्का नाही म्हणून दिवस मोजणं चालू, आणि घरी जायला विमान नाही. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय विमानं २२ मार्चपासूनच थांबली होती. त्या मुलाला एकाच वेळी तिन्ही दारं बंद झाली, हे तुमच्या काकांना सांगा.

सागरिका_आर

@दर्यासारंग काका, खूप आभार. हे शिक्क्याचं आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हतं. निघताना विमानतळावरच्या काउंटरवर त्याला दोन तास बाजूला बसवून ठेवलं होतं, पासपोर्टवरचे दिवस मोजत. त्याच्याकडे मुदतवाढीचा कागद आणि कप्तानाचं पत्र होतं, तरीही. त्याची यॉट चार्टरची आहे.

मातीचा_माणूस

माफ करा, पण मनात आलं ते लिहितो. मी परभणीचा. त्या एप्रिल-मेमध्ये आमच्या रस्त्यांवरून माणसं चालत जात होती. डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू. ८ मेला करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. रुळावर पसरलेल्या भाकरी सगळ्या महाराष्ट्राने बघितल्या. मी तेव्हा आमच्या गावच्या शाळेतल्या विलगीकरणाला डबे पोचवत होतो. त्या पार्श्वभूमीवर यॉट, फ्रान्स, वॉर्निश हे शब्द वाचून पोटात तुटतं. तुमच्या भावाला गादी होती, पगार होता. मला त्याच्याबद्दल राग नाही. पण दुःखाला काही क्रम असतो की नाही?

कुडाळची_सून

@मातीचा_माणूस दादा, तुम्ही लिहिलंत ते खरंच आहे. ते बघून आम्हीही रडलो. पण क्रम लावायला बसलं की खालच्या पायरीवरच्या माणसाचं बोलणंच बंद होतं. माझे मिस्टर यॉटवर शेफ आहेत. त्यांचा पगार म्हणजे सासूबाईंचं डायलिसिस. यॉट मालकाची, डायलिसिस आमचं.

मातीचा_माणूस

ताई, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. यॉट म्हटलं की डोळ्यांसमोर मालकच येतो. तुम्ही लिहा, मी वाचतोय.

शब्दवेडा

अवांतर : यॉटला मराठीत काय म्हणावं? 'क्रीडानौका' वाचलंय, पण त्यात शर्यतीचा वास येतो. 'विहारनौका' कानाला गोड लागतं. मूळ डच शब्द 'याख्त', म्हणजे शिकार, पाठलाग. किनाऱ्यावर चाच्यांचा पाठलाग करायला डच लोकांनी हलक्या, वेगवान नौका बांधल्या, त्यावरून हे नाव. पुढे इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला डचांनी अशी एक नौका भेट दिली आणि मौजेच्या नौकेला तेच नाव चिकटलं. म्हणजे नाव मुळात कामकरी नौकेचं आहे.

अबोली_मडगाव

@शब्दवेडा, आमच्या कोंकणीत तारू म्हणजे जहाज आणि त्यावर जाणारा तो तारवटी. क्रूझ असो, टँकर असो, यॉट असो, तारवटी तो तारवटीच. गोव्यात सागरिकाताईंच्या काकांसारखा प्रश्न कुणी विचारणार नाही!

आता माझं. माझा मामेभाऊ क्रूझवर वेटर. मार्च २०२० मध्ये क्रूझ कंपन्यांनी प्रवासी उतरवले, पण कर्मचारी बोटींवरच राहिले. बोटी समुद्रात नांगर टाकून उभ्या आणि पोरं प्रवाशांच्या रिकाम्या खोल्यांत एकेकटी. एप्रिलमध्ये 'मरेला डिस्कव्हरी' मुंबईसमोर येऊन थांबली. तिच्यावर दीडशेच्या आसपास भारतीय, त्यांत आमचे गोंयकार बरेच. घर दिसतंय आणि उतरायची परवानगी नाही. आमच्याकडे घरोघरी फोन चालू, आमदारांच्या दारात बाया जमलेल्या. केंद्राने २१ एप्रिलला खलाशांच्या चढण्या-उतरण्याचे नियम काढले आणि २३ ला ती माणसं मुंबईत उतरली. मेच्या उत्तरार्धात रोमहून दाबोळीला खास विमानांनी आणखी तारवटी आले.

पण सागरिकाताईंच्या भावासारखे जे यॉटवर एकटेदुकटे होते, त्यांच्यासाठी खास विमान कोण मागणार? क्रूझवर एका वेळी शंभर भारतीय असतात, त्यांची बातमी होते. यॉटवर दहाजणांत एखादा भारतीय.

सागरिका_आर

@अबोली, अगदी हेच. त्याच्या यॉटवर नऊजण. दोन फ्रेंच, एक इंग्लिश, तीन दक्षिण आफ्रिकन, दोन फिलिपिनो आणि हा. फ्रेंच घरी गेले. इंग्लिश इंजिनिअर गाडी चालवत गेला. उरलेले सहा तिथेच.

केतकी_लिस्बन

मी पोर्तुगालमध्ये १४ वर्षं आहे. इथली एक वेगळी बाजू सांगते, ज्यात लोक मोठ्या यॉटवरचे नाहीत, लहान शिडाच्या नौकांवरचे आहेत.

माझे शेजारी, निवृत्त शिक्षक, पत्नीसह ३८ फुटी नौकेतून कॅरिबियनला गेले होते. दरवर्षी शेकडो नौका हेच करतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये व्यापारी वाऱ्यांवर अटलांटिक ओलांडून तिकडे जायचं आणि जून उजाडायच्या आत परत निघायचं, कारण १ जूनपासून चक्रीवादळांचा मोसम धरतात आणि विमाही बहुतेक वेळा तेवढ्यापुरताच असतो. मार्च २०२० मध्ये कॅरिबियनमधली बेटं एकेक करून बंद झाली. मागे वादळांची तारीख, पुढे युरोपातली बंद बंदरं. थांबायचं तरी किती?

ते निघाले एप्रिलच्या शेवटी. सेंट मार्टिनहून अझोर्स या अटलांटिकमधल्या पोर्तुगीज बेटांवरचं होर्ता सुमारे २,२०० सागरी मैल. त्यांना १९ दिवस लागले. होर्ता म्हणजे अटलांटिक ओलांडणाऱ्यांचं माहेर. तिथल्या मरिनाच्या भिंतीवर आणि फरशीवर येणारी प्रत्येक नौका आपलं चित्र रंगवते : नाव, वर्ष, खलाशांची नावं. चित्र न काढता निघालं तर पुढचा प्रवास अशुभ होतो अशी समजूत. शेजाऱ्यांनी निळ्या रंगाचा छोटा डबा मुद्दाम बरोबर नेला होता.

पण त्या वसंतात होर्ताला उतरायची परवानगी नव्हती. बंदरात नांगर टाकायचा, पिवळा झेंडा लावायचा, यादी रेडिओवर सांगायची. पाणी, डिझेल, भाजी नौकेपर्यंत पोचायची. काकू मला सांगत होत्या, १९ दिवसांनी पहिल्यांदा गवताचा वास आला, गायी चरताना दिसल्या, आणि जमिनीवर पाय ठेवता आला नाही. बंदरातल्या माणसाने संत्र्यांची पिशवी काठीच्या टोकाला अडकवून दिली. पिशवीत चार संत्री जास्तीची होती, त्याचे पैसे त्याने घेतले नाहीत.

तीन दिवसांनी ते लिस्बनकडे निघाले. निळ्या रंगाचा डबा उघडलाच नाही.

वैशाली_इतिहास

केतकी, गायी आणि संत्र्यांनी गलबलून आलं.

बंदरावर माणसं अडवून ठेवण्याची सुरुवातही युरोपातच, भूमध्य समुद्रात झाली. १३७७ मध्ये रागुसाने, म्हणजे आजच्या डुब्रोव्हनिकने, साथीच्या गावांतून येणाऱ्यांना ३० दिवस बाहेर थांबायला लावणारा कायदा केला. पुढे ३० चे ४० झाले आणि चाळीसला इटालियनमध्ये 'क्वारांता', त्यावरून क्वारंटाइन. १४२३ मध्ये व्हेनिसने एका बेटावर साथीच्या रुग्णांसाठी कायमची इमारत उभारली.

नियम मोडला की काय होतं तेही तिथेच दिसलं. १७२० मध्ये 'ग्राँ सँत-आँत्वान' नावाचं कापडाने भरलेलं जहाज मार्सेयला आलं. वाटेत माणसं मेली होती. पण माल मोठमोठ्या व्यापाऱ्यांचा, तो जत्रेला पोचायला हवा होता. विलगीकरण सैल केलं गेलं. पुढच्या दोन वर्षांत मार्सेय आणि प्रोव्हान्स मिळून लाखभर माणसं प्लेगने गेली. आँतीब त्याच किनाऱ्यावर आहे. म्हणून बंदर बंद करणाऱ्यांवर माझा सरसकट राग नाही. पण धाक पैसेवाल्यांचा आणि कात्री खालच्या माणसाला, हे १७२० मध्येही होतं.

आपलाही यात धागा आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि तो मुंबईच्या जहाजांतून युरोपात शिरेल या भीतीने १८९७ मध्ये व्हेनिसलाच आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणारी जहाजंही थांबवली होती. तेव्हा पिवळा झेंडा म्हणजे साथ असलेलं जहाज, दूर राहा.

दर्यासारंग

@वैशालीताई, उत्तम माहिती. फक्त झेंड्याबद्दल एक दुरुस्ती. जुन्या काळी पिवळा म्हणजे साथ हे बरोबर. पण आजच्या संकेतांत नुसता पिवळा, म्हणजे क्यू झेंडा, बरोबर उलटं सांगतो : 'माझ्या जहाजावर सगळे निरोगी आहेत, मला बंदराशी व्यवहाराची परवानगी द्या.' परदेशी बंदरात शिरताना प्रत्येक जहाज तो चढवतं, अधिकारी येऊन गेले की उतरवतं. माझ्या नोकरीत तो अर्ध्या दिवसात उतरायचा. केतकीताईंच्या शेजाऱ्यांनी तो तीन दिवस फडकत ठेवला आणि त्याला उत्तरच मिळालं नाही. परवानगी मागत राहायचं आणि समोरून ना हो ना नाही. दर्यावर्दी माणसाला हे फार लागतं.

वैशाली_इतिहास

धन्यवाद, माझ्या डोक्यात जुनाच अर्थ होता.

शीडवाला

मी आइंडहोवनला असतो, आयटीत. वर्षातून एकदा मित्रांबरोबर ग्रीसमध्ये शिडाची नौका भाड्याने घेतो. म्हणजे या धाग्यातला शंभर टक्के पर्यटक मीच, म्हणून लिहितो.

मे २०२० चं लेफ्काडाचं आमचं बुकिंग होतं. मार्चच्या मध्यात ग्रीसने क्रूझ आणि बाहेरून येणाऱ्या शिडाच्या नौकांना बंदरं बंद केली. माझं नुकसान काय? थोडे पैसे अडकले, त्यांचं पुढच्या वर्षीचं कूपन मिळालं, रजा वाया गेली. २५ मेनंतर तिकडे नौका हळूहळू सुरू झाल्या. आम्ही सप्टेंबरमध्ये गेलो. तेव्हा ग्रीसला जायच्या आधी प्रवासाचा फॉर्म भरून क्यूआर कोड घ्यावा लागे, तो विमानतळावर दाखवला आणि दहा मिनिटांत बाहेर.

आमची नौका ताब्यात देणारा माणूस अल्बेनियन, हंगामी कामगार. दरवर्षी एप्रिलला येतो, नौकांचे तळ खरवडतो, रंगवतो, इंजिनं बघतो. त्या वर्षी सीमा बंद असल्याने त्याला जुलैत येता आलं. म्हणाला, "तुम्हाला एक आठवडा कमी पडला, माझं अर्धं वर्ष गेलं." त्याच समुद्रात मी पर्यटक आणि तो कामगार, पण मार्चमध्ये काढलेल्या नियमात दोघांनाही एकच शब्द होता : अनावश्यक प्रवास.

नारळीपौर्णिमा

+१ शीडवाला. अनावश्यक कोणासाठी, हा खरा प्रश्न.

कुडाळची_सून

सगळ्यांचं वाचून धीर आला, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचे हे पाल्माला असतात, मायोर्का बेटावर. २०२० मध्ये ते नशिबाने फेब्रुवारीत घरी आले होते. त्यामुळे आमचं उलटं झालं. त्यांना परत जाता येईना. १ जुलै २०२० ला युरोपने बाहेरच्या देशांसाठी सीमा थोड्या उघडल्या, त्या यादीत भारत नव्हता. पण खलाशांना सूट होती, तसं लिहिलेलंच होतं. आम्ही खूश. मग व्हिसा केंद्रात विचारलं तर समोरून प्रश्न, "यॉट म्हणजे? शिप नाही ना?" ह्यांनी सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक, पुढे केलं, करारपत्र पुढे केलं. तीन वेळा कुडाळहून मुंबई. वर्ष तसंच गेलं. ह्यांनी गावात डब्यांचा धंदा केला. खेकड्याचं कालवण रविवारचं, चाळीस डबे.

२०२१ मध्ये कंपनीने जूनअखेर रुजू व्हायला सांगितलं, अट एकच : लशीचे दोन्ही डोस. ह्यांचा पहिला कोविशिल्ड मे महिन्यात झालेला. दुसऱ्याला ८४ दिवस थांबायचं, म्हणजे ऑगस्ट. हातातोंडाशी आलेला घास जातोय असं वाटलं. ७ जूनला केंद्राने सांगितलं की शिक्षण, नोकरी किंवा ऑलिंपिकसाठी परदेशी जाणाऱ्यांना २८ दिवसांनी दुसरा डोस मिळेल. मी कागद छापून रुग्णालयात गेले. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "ऑलिंपिकला कोण चाललंय?" मी म्हटलं, "ऑलिंपिकला नाही हो, स्वयंपाकाला." त्या इतक्या हसल्या! पण कागद नीट वाचला, डॉक्टरांना आत जाऊन विचारलं आणि टोचून दिलं. प्रमाणपत्रावर पासपोर्टचा नंबर घालायचा होता, तोही त्यांनीच घालून दिला, रांग लागलेली असताना.

पुढे १ जुलैपासून युरोपचं डिजिटल प्रमाणपत्र आलं, त्यात सुरुवातीला आपली कोविशिल्ड नव्हती. इंजेक्शन तेच, बनवायची जागा वेगळी. मग स्पेनसह काही देशांनी आपापल्या पातळीवर ती मान्य केली आणि हे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गेले. आमच्या वाडीतल्या एका मुलाने कोव्हॅक्सिन घेतलेली. तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली ३ नोव्हेंबरला. तोवर हंगाम संपला होता.

@मातीचा_माणूस दादा, ही आमच्या पायरीवरची गोष्ट.

मातीचा_माणूस

ताई, चाळीस डबे वाचून तुमचं घर डोळ्यांसमोर आलं. सासूबाई कशा आहेत?

कुडाळची_सून

२०२३ मध्ये गेल्या, दादा. शेवटपर्यंत डायलिसिस चुकलं नाही.

मातीचा_माणूस

🙏

शब्दवेडा

@कुडाळची_सून, विहारनौका हा शब्द मी मागे घेतो. नुसतं बोट म्हणूया.

दर्यासारंग

मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण सागरिकाताईंना काकांपुढे ठेवायला काहीतरी ठोस हवंय.

८ एप्रिल २०२० ला युरोपीय आयोगाने सदस्य देशांना मार्गदर्शक सूचना दिल्या होत्या. कुठल्याही देशाचा खलाशी असो, त्याला उतरून घरी जायची सोय करा, त्यासाठी ठरावीक बंदरं निवडा. म्हणजे कागदावर वाट होती. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे. दार प्रत्येक देशाचं, चावी प्रत्येक बंदराकडे. २०२० संपताना जगभर सुमारे ४ लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकलेले होते. सलग ११ महिन्यांपेक्षा जास्त जहाजावर ठेवू नये असा दंडक, तिथे कुणी १५, कुणी १७ महिने. १ डिसेंबर २०२० ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेला ठराव करून देशांना सांगावं लागलं की खलाशांना अत्यावश्यक कामगार माना. मोठमोठ्या जहाजांवरच्या लोकांची ही कथा, तिथे यॉटवरच्या पोरांना कोण विचारतो.

आता माझं मत. ज्याच्याकडे सीडीसी आहे, जो पगारासाठी जहाजावर राहतो, आग लागली तर जो पंप धरतो, तो खलाशी. जहाज कुणाचं आणि कशासाठी, हा मालकाचा प्रश्न. अटलांटिकच्या लाटेला चार्टर आणि खासगी कळत नाही.

केतकी_लिस्बन

दर्यासारंग काकांशी पूर्ण सहमत. जाता जाता : शेजारी काका-काकू २०२२ मध्ये नौका घेऊन मुद्दाम होर्ताला गेले. भिंतीवर नौकेचं नाव लिहिलं आणि खाली दोन वर्षं, २०२० आणि २०२२. त्या निळ्या रंगाचा डबा सुकून दगड झाला होता, नवा घ्यावा लागला.

सागरिका_आर

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा भावाला पाठवला. तो सध्या घरी आहे, पुढच्या महिन्यात साइन ऑन. त्याने लिहून पाठवलंय, त्याच्याच शब्दांत देते :

"ताई, चौकटींचं मी बोललो ते पूर्ण सांगतो. त्या कागदावर सात कारणं होती. पहिलं, घर ते कामाची जागा. मग किराणा, दवाखाना, घरच्यांची अडचण, जवळपास एक तास फिरणं आणि अशीच पुढे दोन. नाव, पत्ता, निघाल्याची वेळ हाताने लिहायची. चुकलं तर १३५ युरो दंड. धक्क्यावरून बाहेर पाऊल टाकलं तरी तो हवा. माझं घर आणि कामाची जागा एकच, म्हणून पहिली चौकट भरता येत नव्हती. रोज फिरण्याची खूण करायचो. आणि हातात असायचे दोरखंडाचे हुक, नाहीतर पेंटचा डबा. फिरायला निघालेला माणूस पेंटचा डबा का नेतो?

जे पोरगे नुसते रोजंदारीवर आले होते त्यांची अवस्था आमच्याहून वाईट. सकाळी धक्क्यावर फिरून प्रत्येक यॉटला काम आहे का विचारायचं आणि क्रू हाउसमध्ये खाटेचं भाडं भरून राहायचं, अशी तिथली पद्धत. १७ मार्चनंतर धक्क्यावर फिरणंच बंद. आमच्या कप्तानाने गुपचूप दोघांना रोज जेवण दिलं. मी ते पिशवीत घालून फाटकापर्यंत न्यायचो, तेव्हाही खूण फिरण्याची.

मार्च संपताना कप्तानाने मालकाच्या वतीने द्यायचा कामाचा दाखला भरून दिला. त्यात राहण्याचा पत्ता म्हणून यॉटचं नाव आणि कामाचं ठिकाण म्हणून पुन्हा यॉटचंच नाव. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर पोलिसाने अडवलं. दोन्ही ओळी वाचल्या, माझ्याकडे बघितलं, परत वाचल्या. मला फ्रेंच येत नव्हतं. मी मागे वळून आमच्या यॉटकडे बोट दाखवलं. त्याने खाली व्यवसायाच्या ओळीवर बोट ठेवलं, तिथे कप्तानाने 'मारँ' लिहिलं होतं, म्हणजे खलाशी. तो मोठ्याने म्हणाला, 'मारँ.' आणि कागद घडी घालून परत दिला. जुलैत विमानतळावर ज्यांनी दोन तास बसवलं त्यांनाही मी तोच कागद दाखवला. त्यांनी तो वाचला नाही.

तो सीडीसीच्या पाकिटात आहे अजून. घडीवर फाटत आलाय. काकांना दाखवायचा असेल तर दाखव, मला बोलायला जमणार नाही."

अबोली_मडगाव

तुझ्या भावाला सांग, मडगावात आमच्याकडे जेवायला ये. आई म्हणते, तारवट्याला रिकाम्या हाती बोटीवर पाठवायचं नसतं.

दर्यासारंग

सागरिकाताई, तो कागद काकांना जरूर दाखवा. पण लॅमिनेट करू नका, गरम होऊन शाई पसरते, माझं एक जुनं सर्टिफिकेट असंच गेलं. घडीवर मागच्या बाजूने पातळ टिश्यूची पट्टी लावा आणि दोन्ही बाजूंचे फोटो आधी काढून ठेवा.